बाळंतपणाच्या खोलीतला राजवाडा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, दारू पिऊन रडतात त्या वयातही नाही. आणि माझ्यासारख्या माणसानं एखादी गोष्ट न सांगणं म्हणजे काय, ते आमच्या भागात कुणालाही विचारा. रावणाच्या वेशात मी बोडीत पडलो — बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं — आणि माझी नऊ तोंडं तरंगत पलीकडच्या काठाला लागली, हे मी स्वतःच गावोगाव सांगितलंय. पहिल्या दिवाळीला सासुरवाडीच्या गल्लीत भलत्याच घरात शिरलो, तिथल्या म्हातारीच्या पाया पडलो, वर पोटभर जेवून आलो, हेही सांगितलंय. स्वतःची फजिती विकणं हाच माझा धंदा. तुम्ही म्हणाल, मग या माणसाकडे लपवायला उरलं काय?

एक उरलंय. आणि आधीच सांगतो, इथं हसायचं नाही. हसलात तर — तर मी काय करणार आहे? हसायची सवय मीच लावली ना तुम्हाला.

मी धानाचा शेतकरी. गाव पवनी तालुक्यात, आसगावच्या पलीकडं. धान कापून, चुरून घरात आलं की आमच्याकडे मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आमच्या गावाचं मंडळ आहे आणि मी त्यातला विनोदी नट. आमच्या नाटकांचा एक नियम असतो, तो पुस्तकात सापडायचा नाही. नायिकेचं रडणं लांबलं, की थंडीत कांबळी पांघरून बसलेली माणसं चुळबुळ करतात, बिडी प्यायला उठतात. ती उठायच्या आत विनोदी नट आत शिरला पाहिजे. मी विंगेत उभा राहून हुंदके ऐकायचो. कोणत्या हुंदक्यावर शिरायचं, हे मला कुणी शिकवलं नाही, कळायचं. मी शिरलो, एक टोला हाणला, की ढोलकीवर थाप पडायची आणि मांडव हसून लोळायचा. रडणारी बाई? ती मागच्या मागं निघून जायची. तिच्याकडं कोण बघतंय.

ढोलकीवर सुखदेवभाऊ. बौद्ध वस्तीतला, आमच्याच वयाचा, मजुरी करून उरलेल्या वेळात वाजवणारा. माझा विनोद निम्मा त्याच्या हातात होता असं मी म्हणायचो. चारचौघांत म्हणायचो, म्हणजे मोठेपणाही मिळायचा.

त्याची मुलगी वंदना. मला काका म्हणायची.

तर लोकसहभाग. हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मी इतका ऐकला, की तो कानावर पडला तरी आता कानशिलं तापतात. आई आणि बाळ यांच्या आरोग्याचं धोरण वरून ठरू नये, गावानं ठरवावं, गावाला काय हवं ते गावानं सांगावं — विचार सोन्यासारखा. गावोगाव आरोग्य समित्या झाल्या. आमच्याकडेही झाली. बाया जास्त हव्यात म्हणून बायांची नावं घातली आणि बोलायला कुणीतरी हवं म्हणून मला घातलं. का? तर मी बोलतो चांगला. बाळंतपणातलं मला काय कळत होतं? माझ्या स्वतःच्या दोन्ही मुलांच्या जन्माला मी नाटकाच्या दौऱ्यावर होतो. पण मी समितीत आलो, माइक धरायला शिकलो, फोटोत मधोमध उभा राहायला शिकलो.

मी त्या बैठकांची टिंगल पुष्कळ केली आहे. बॅनर केवढा, पोहे किती थोडे, साहेबांचं भाषण केवढं. लोक हसायचे. पण खरं सांगू? आमच्या गावच्या बायांनी ते सगळं खरं मानलं होतं. त्या विहारात जमल्या, सगळ्या वस्त्यांमधून आल्या, आणि दोन-चार बैठकांमध्ये त्यांनी जे ठरवलं ते कोणत्याही साहेबाच्या टेबलावर मी पाहिलं नाही. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पोर सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. तिची नोंद सासरच्या गावी. सासरचे म्हणतात ती गेली माहेरी. माहेरचे म्हणतात, आमच्याकडे नोंद नाही. मधल्यामध्ये ती कुणाचीच नाही. त्यावर एक म्हातारी म्हणाली, "कुत्र्याले घरचं धरता, मांजरीले घरचं धरता, अन् पोटच्या पोरीले पाहुणी?" दुसरी म्हणाली, "नर्सबाई दिवसा येते अन् पाच वाजता जाते. पोट का घड्याळ पाहून दुखते?" सगळ्या हसल्या. ते हसणं वेगळं होतं, माझ्या मांडवातलं नव्हतं.

त्यांची मागणी दोन वाक्यांची. माहेरी आलेल्या पोरीला गावचीच धरा. आणि आमच्या आरोग्य उपकेंद्रात बाळंतपणाची जी खोली बांधून ठेवली आहे, ती उघडा, नर्सबाईला मुक्कामी ठेवा.

खोली होती. चांगली होती. पांढऱ्या फरशा, बाळंतपणाचं लोखंडी टेबल, बाळाला ऊब द्यायचा दिवा. बंद होती. त्या खोलीविषयी मला आणखी सांगायचंय — पण ते पुढं.

पाहिलंत? हे असं. अवघड जागा आली की मी दुसऱ्या दाराने निघतो. इतक्या वर्षांत हात बसलाय. बरं, आधी वंदनाचं सांगतो.

वंदनाला भंडाऱ्याजवळच्या शहापूरला दिली होती. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. पौषातली थंडी, दुपारनंतरची वेळ, कळा सुरू झाल्या. खोली बंद, म्हणून काळीपिवळी जीप बोलावली आणि पवनीचा रस्ता धरला. पवनी काही परदेश नाही, पण आमच्या रस्त्यावरून कळा देणारी बाई न्यायची म्हणजे काय, ते त्या रस्त्यालाच ठाऊक. कालव्याच्या पुलापाशी जीपमध्येच ती मोकळी झाली. मुलगी. रडली. वंदनाच्या मायने पदरात गुंडाळली, सुखदेवभाऊनं अंगातला सदरा काढून वर घातला आणि उघड्या अंगानं बसला. पवनीला पोचेपर्यंत मुलगी रडायची थांबली होती.

थंडीने की आणखी कशाने, मला ठाऊक नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मी विचारायला गेलो नाही. का गेलो नाही, तेही पुढं येईल.

मग काही महिन्यांनी तालुक्याला जनसुनवाई ठरली. म्हणजे लोकांनी उभं राहून आपला अनुभव सांगायचा, समोर अधिकारी, त्यांनी ऐकायचं आणि त्यावरून पुढच्या वर्षीचं नियोजन व्हायचं. कोणत्या उपकेंद्रात बाळंतपणं चालू ठेवायची, कुठं माणूस द्यायचा, ते. म्हणजे एका अर्थानं वंदनाच्या तोंडून धोरण व्हायचं होतं. गावच्या बायांनी तिलाच उभं करायचं ठरवलं. तिची इच्छा होती. तिच्या मायची नव्हती, ती म्हणाली, "जखम कायले उघडतेस वं?" वंदना म्हणाली, "माही पोर तं गेली. पुढचीची तं वाचन ना." आणि तिची तयारी करून घ्यायला, तिला धीटपणे उभं राहायला शिकवायला कुणाला सांगितलं? मला. सूत्रसंचालकही मीच.

मी तिला त्यांच्याच अंगणात शिकवलं. कुठं थांबायचं, श्वास कुठं घ्यायचा, साहेबांकडं बघायचं, जमिनीकडं नाही. सुखदेवभाऊ ओसरीवर बसून ऐकायचा, मध्येच उठून बैलाला पाणी दाखवायला जायचा. बैल त्याचा नव्हता, शेजाऱ्याचा होता. तिचं बोलणं मला पाठ झालं. कोणत्या वाक्याला तिचा आवाज फाटतो, तेही पाठ झालं. म्हणजे कुठं शिरायचं ते.

त्या दिवशी सभागृह भरलेलं. एका साहेबांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. "नामदेवराव, वातावरण जरा हलकं ठेवा बरं. बाया रडायला लागल्या की कार्यक्रम लांबतो." पुष्कळ वर्षं मी मनातल्या मनात या वाक्यावर सगळं ढकलत आलो. साहेबांनी सांगितलं म्हणून केलं. किती सोयीचं! पण त्यांनी सांगितलं नसतं तरी मी तेच करणार होतो. मी तर सकाळी घरून निघतानाच मनात टोला घोळवत निघालो होतो.

वंदना उभी राहिली. पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले. जयभीम म्हणाली, नमस्कार म्हणाली, आणि सुरू झाली. मी शिकवलं होतं त्याहून चांगली. आवाज हलला नाही. सभागृहातली पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली, इतकी माणसं गप्प. साहेब लोकांनी फोन खाली ठेवले. मी कडेला उभा, हातात माइक, विंगेतल्यासारखा.

ती म्हणाली, "मले कळा लागल्या तेव्हा आमच्या गावच्या उपकेंद्राले कुलूप होतं. आन् त्या खोलीत —"

मी शिरलो.

"कुलूप तं राहीनच ना पोरी! तुले माहेर हाय, तं नर्सबाईले माहेर नाही का? तेही माहेरी गेली होती!"

सभागृह फुटलं. साहेब हसले, त्यांच्या बाजूचे हसले, मागच्या बाकावरच्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. इतका वेळ श्वास धरून बसलेली माणसं, त्यांना सुटका हवीच होती. मी माइक वर केला. "वंदनाताईंनी हिंमत दाखवली, एकदा जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" टाळ्या झाल्या. टाळ्यांमध्ये कुणी बोलू शकत नाही, माहीत आहे तुम्हाला? माणसाला गप्प बसवायचा तो सगळ्यात सभ्य उपाय आहे. ती उभीच होती. ओठ हलत होते. मी पुढच्या गावाचं नाव पुकारलं.

आणि सुखदेवभाऊ. तो पहिल्या रांगेत होता. मी टोला हाणला आणि त्याचा उजवा हात उठून मांडीवर पडला. थाप. सवयीनं. इतक्या वर्षांचा हात, त्याला काय कळतं, मांडव कुठला आणि पोर कुणाची. पडला, आणि मग त्यानं त्या हाताकडं पाहिलं. साप चढलाय तसं पाहिलं. दुसऱ्या हाताने तो दाबून धरला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तसाच बसला.

तो पुन्हा माझ्याबरोबर कधी वाजवायला बसला नाही. रस्त्यात भेटला तर जयभीम म्हणतो. भांडला असता तर बरं झालं असतं. नाही — बरं कुणाला? मला. पुन्हा मलाच.

एवढं सांगितलं की तुम्ही म्हणाल, झालं की. विनोदाच्या नादात माणूस चुकला, पोरीचं मन दुखावलं, आता पस्तावतो आहे. अशी कबुली मला चालली असती. अशी कबुली देऊन माणसं शाल-श्रीफळ घेतात. पण ती कबुली नाही, तो पुन्हा एक टोला आहे.

ती म्हणत होती, "आन् त्या खोलीत —" त्या खोलीत काय होतं?

आमचं नाटकाचं सामान होतं.

पेट्या, तलवारी, झालरी, सिंहासन. आधी शाळेत ठेवायचो, शाळेनं जागा नाही म्हटलं. उपकेंद्राची मागची खोली रिकामीच तर आहे, दोन दिवस ठेवू, असं मीच म्हणालो. नर्सबाई नवीन होती, गावाशी वाकडं कशाला म्हणून गप्प बसली. खोलीत उंदीर शिरतात, चावी समितीतल्या जबाबदार माणसाकडे असू द्या, असंही ठरलं. जबाबदार माणूस म्हणजे कोण, ते सांगायला नको. त्या वर्षी राजवाड्याचा नवा पडदा रंगवून घेतला होता. कमानी, खांब, मोर. रंग पुरता वाळला नव्हता, घडी घातली असती तर चिकटला असता. लांबरुंद, स्वच्छ, धूळ न लागणारी जागा हवी होती. मी तो बाळंतपणाच्या टेबलावर पसरला. सपाट होतं ना. काय छान बसला, असं मी म्हणालोसुद्धा. अर्धा राजवाडा टेबलावर, अर्धा बाळाच्या दिव्याच्या दांडीवर.

आणि मी समितीत होतो. विहारात बाया 'खोली उघडा' म्हणत होत्या, तेव्हा मी तिथं मान डोलवत बसलो होतो, चावी करदोट्याला. पेट्या हलवू, हलवू, मंडई होऊ द्या. बाया सरकारकडे मागत होत्या ते माझ्या कमरेला लटकत होतं. गावाचा सहभाग म्हणे! गावाच्या धोरणावर पडदा टाकून बसलो होतो मी, तोही रंगवलेला.

गावाला सामान ठाऊक होतं. वंदनालाही होतं. तालमीत ते वाक्य आलं तेव्हा मी म्हणालो होतो, हे गाळ, मुद्दा भरकटतो. ती म्हणाली, "पण होतं ना काका?" चिडून नाही. साधं. मी म्हणालो, होतं, पण साहेब लोकांना त्याचं काय. ती हो म्हणाली. आणि सभागृहात उभी राहिल्यावर तिने ते बोलायचंच ठरवलं. खरं ते सांगायला बोलावलं होतं ना तिला? तिने ते वाक्य पुरं केलं असतं तर समोरून एकच प्रश्न आला असता, चावी कुणाकडे? आणि आशाताईंच्या रांगेत आमच्या गावची सुमनवहिनी बसली होती, तिला उठून उत्तर द्यावं लागलं असतं.

आता सुमनवहिनी. माझी चुलत भावजय, गावची आशा सेविका. हे शेवटचं आहे. याच्या मागं दुसरं दार नाही.

वंदनाला कळा लागल्या त्या दुपारी मी घरी होतो. संध्याकाळी शेजारच्या गावी प्रयोग, टेंपो यायचा होता. मी आरशासमोर बसून खोटी मिशी चिकटवून पाहत होतो. वहिनी धावत आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "भाऊजी, चावी द्या. सुखदेवभाऊच्या वंदनाले कळा लागल्या. नर्सबाई मीटिंगले गेली होती, फोन केला, निघाली पवनीहून."

मी म्हणालो, "आत सामान हाय ना वहिनी. पडदा हाय टेबलावर."

"बाजूले सरकवू ना."

"ते सरकवायचं नाही. रंग ओला हाय. पहिलटकरीण हाय ते, टाईम लागते. पवनीले न्या, तिथं डॉक्टर हायेत."

पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. कोण म्हणतंय? बायको दोनदा बाळंत झाली तेव्हा मंडईत नाचणारा, ओठावर डिंकानं चिकटवलेली मिशी लावलेला माणूस म्हणतोय.

वहिनीनं हात पुढं केला. "भाऊजी, देता का नाही?"

"पवनीले न्या म्हणलं ना. कायले वेळ घालवून राहिल्या?"

वेळ ती घालवत होती म्हणे. ती गेली. चावी माझ्या कमरेला होती. मी मिशी काढली, कारण ती एका बाजूला वर गेली होती, आणि पुन्हा लावली.

नर्सबाई आली. स्कूटीवर, थंडीत, एकटी. उपकेंद्राच्या दारात उभी राहिली तेव्हा जीप निघून गेली होती. तिच्या आणि त्यांच्या वाटा कुठं चुकल्या कुणास ठाऊक. आमच्या गावाला पवनीहून यायला दोन रस्ते आहेत. म्हणजे ती आली होती. जिच्याविषयी मी भरसभेत 'माहेरी गेली होती' म्हणालो, ती आली होती. जनसुनवाईत ती खालमानेनं बसली होती. नोकरी कच्ची, सामान ठेवू दिलं होतं हा दोष तिच्याही अंगावर, बोलणार काय? माझ्या एका टोल्यावर तिला नोटीस निघाली आणि मग बदली. हेही माझंच.

प्रयोग झाला. सरकवायचा नाही म्हणालो तोच पडदा टेंपोत चढवताना बातमी आली. तरी झाला. मी काम केलं. चांगलं केलं.

वहिनीनं सुखदेवभाऊच्या घरी सांगितलं की भाऊजी घरी नव्हते, चावी मिळाली नाही. मी तिला तसं सांग म्हणून सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. आशाची निवड, आशाचं काम कसं चाललंय याचा शेरा, सगळं गावच्या समितीसमोर यायचं. समितीत मी. सहभाग असा असतो पहा. बाई आपणहून खोटं बोलते आणि आपण तिला बोलायला लावलं असं कुणी म्हणू शकत नाही. त्या दिवसापासून ती मला ताट वाढते, पाणी देते, पण भाऊजी म्हणत नाही. काहीच म्हणत नाही.

तालमीतलं एक वाक्य मी मघाशी गाळलं. पहिल्या दिवशी वंदनाला कसं उभं राहायचं ते दाखवत होतो, तेव्हा ती मध्येच म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी घरी राहिले असते ना काका, तं असं झालं नसतं." मी म्हणालो, "हो ना पोरी." आणि तिला खांदे सरळ ठेवायला सांगितलं.

चावी नाकारताना मी काय हिशेब केला? पडद्याचा केला, हे सांगितलं. पण आणखी एक विचारतो, कारण दुसरं कुणी विचारणार नाही. तिच्या जागी पाटलाघरची सून असती तर? चावीच काय, मी स्वतः धावत गेलो असतो, राजवाडा फाडून बाजूला केला असता, आणि वर्षभर ती गोष्ट रंगवून सांगितली असती. उत्तर मला लगेच सापडलं. इतकं लगेच, की त्याचीच लाज वाटली. ढोलकीवाला माझा मित्र होता. मांडवात. मांडवाबाहेर तो कोण होता, ते त्या दुपारी माझ्या तोंडाला बरोबर ठाऊक होतं.

पुढं काय झालं? जनसुनवाईचा अहवाल झाला. आमच्या गावाचा अनुभव 'खेळीमेळीच्या वातावरणात' मांडला गेला. बाळंतपणाच्या खोलीची गावातून ठोस मागणी नाही, असं ठरलं. टेबल गेलं, दिवा गेला, दुसऱ्या कुठल्या गावी. रिकामी खोली कशाला पडीक ठेवायची, म्हणून ती मंडळाला वापरायला मिळाली. आता आमचं सामान तिथं रीतसर आहे. ज्या बायांनी विहारात बसून अख्ख्या जिल्ह्याला कामी यावं असं काही ठरवलं होतं, त्या पुन्हा जमल्या नाहीत. एकीला मी विचारलं होतं, बैठक कधी? ती म्हणाली, "हसाले याचं का?" आणि धुणं पिळत राहिली. आमच्या पोरी अजून माहेरी येतात आणि अजून पाहुण्याच असतात. कळा लागल्या की अजून तोच रस्ता.

आणि मी? मला प्रशिक्षणांना बोलावतात. लोकसहभाग रंजक कसा करावा, सभा कंटाळवाणी होऊ न देता कशी चालवावी, यावर मी बोलतो. भंडाऱ्याला बोलून आलो, शाल घेऊन आलो. तो नर्सबाईचा टोला मी लग्नांमध्ये सांगितलाय, निवृत्तीच्या समारंभांत सांगितलाय. एकदा जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये बारशाला सांगितला. बारशाला! पाळण्यातलं पोर दचकून रडलं, इतके लोक हसले. हसणाऱ्यांचा मला राग येतो. खांद्यावर हात ठेवणाऱ्या साहेबाचा येतो. 'खेळीमेळीच्या' लिहिणाऱ्याचा येतो. आणि दर वेळी त्या रागाच्या मधोमध माझं तोंड दिसतं, एका बाजूला वर गेलेली मिशी लावलेलं, आणि मग राग कुणावर काढायचा ते कळत नाही. कळतं. पण स्वतःवर राग काढणं मला येत नाही. स्वतःची फजिती तेवढी करता येते, आणि ती फार वेगळी गोष्ट आहे. फजितीत माणूस लाडका होतो.

यंदा पुन्हा जनसुनवाई आहे. पुन्हा मलाच सांगायला आले. मी घसा बसलाय म्हणालो. खोटंच. बसला असता तर तेव्हा बसायला हवा होता.

वंदना शहापूरलाच असते. नंतर तिला मुलगा झाला, माहेरी आली नाही ती त्या वेळी. ती वाचते, लहानपणापासून हातात पडेल ते वाचायची. हे छापून आलं की तिच्यापर्यंत जाईल. तिच्या घरी जाऊन तोंडावर सांगणं हे माणसाचं काम होतं. दोनदा शहापूरच्या स्टॉपवर उतरलो आणि चहा पिऊन परत आलो. दाराशी गेलो असतो तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. तिला हसवलं असतं. माझं तोंड मला न विचारता चालतं. कागदावर निदान मध्ये कुणी शिरत नाही.

तेव्हा, वंदना. मी त्या दिवशी घरी होतो. सुमनवहिनी चावी मागायला आली होती. चावी माझ्याजवळ होती. मी दिली नाही.